यादीबाहेरचं रक्त

टोलच्या माझ्या खिडकीशी माणसं गाडीतून येतात. तो पायी आला, म्हणून लक्षात राहिला. खांद्याला पेटी, केसांवर ट्रकची धूळ.

“रक्त तपासायला आलोय. ऑफिस कुठंय?”

“पायी जाणाऱ्याला टोल नाही. सरळ जा,” म्हणत मी सवयीनं बोट जिभेला लावून पुढची पावती फाडली.

“तेवढं नका करू...” तो थबकला. “या धुळीत शिसं आहे. चाटताय तुम्ही ते.”

मला राग आला. आवडलंही.

त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. सहा वर्षं मी त्या धुरात बसत होते; माझी बोटं बधिर व्हायला लागली होती, पोटात मुरडा यायचा. टोलच्या साहेबांनी मात्र तपासणीच्या यादीत काचेआडच्या कारकुनांचीच नावं घातली होती. अहवाल छान यायला हवा ना.

दुपारी मी त्याच्यासमोर बसून बाही वर केली.

“यादीत तुम्ही नाही,” तो हळूच म्हणाला.

“सुईला वाचता येतं का?”

तो हसला. त्याचा अंगठा माझ्या कोपराशी रेंगाळला... जरा जास्तच.

“शीर सापडत नाहीये?”

“ती केव्हाच सापडली.”

दहा दिवसांनी तो अहवाल घेऊन, पेटीसकट परत आला आणि साहेबांनी मला आत बोलावलं. माझ्या रक्तातलं शिसं मर्यादेच्या दुप्पट होतं. साहेब गोड आवाजात म्हणाले, “उद्यापासून तू आत बस, हा कागद इथंच फाडू. नाहीतर परवानगीशिवाय रक्त घेतलं म्हणून याची नोकरी जाईल.”

“जाऊ दे,” तो माझ्याकडे बघत म्हणाला. “पण तुम्ही आत बसा. मला तुम्ही हव्या आहात... जन्मभर. धडधाकट.”

इतकं सरळ मला कुणीच मागितलं नव्हतं. डोळे भरले. पण बाहेर माझ्यासारख्याच अकराजणी धूर गिळत होत्या. मी कागद उचलला, रस्त्यावर गेले आणि प्रत्येक खिडकीशी तो आकडा मोठ्यानं वाचला. खिडक्या पटापट बंद झाल्या. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. अकराजणी बाह्या वर सारत माझ्या मागे उभ्या राहिल्या. साहेब ओरडत होते, ऐकतंय कोण?

तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला. “आणि... माझं उत्तर?”

“आधी यांचं रक्त घ्या,” मी म्हटलं. “नोकरी आता दोघांचीही जाणार. लग्नाला वेळच वेळ आहे.”