चोवीस नंबरचं मशीन

चेणे गावाच्या अलीकडे गाडी अडकली, तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. ठाण्याहून दोन सर्व्हर घेऊन आम्ही तिघं दुकानावर परत येत होतो. निकेत गाडी चालवत होता, मिनल मागे खोक्यांना टेकून बसली होती, आणि मी पुढे. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, डाव्या हाताला डोंगराचा काळोख. घोडबंदर रोडचं हे रोजचंच.

निकेत म्हणाला, "काका, सोमवारी त्या शाळेची तीस मशीन ना? इमेज मारायला मी एकटाच जातो. झोपेत करीन."

"आधी विचारणार कोणाला?"

"काय विचारायचं? फॉरमॅटच तर करायचंय."

मी त्याला म्हटलं, इंजिन बंद कर, डिझेल काय तुझा सासरा देतो? आणि आता ऐक. दोघंही ऐका. ही सोळा नोव्हेंबर दोन हजार चोवीसची गोष्ट आहे. वार शनिवार. खोटी वाटली तर साईराजला जाऊन विचारा. तो तुम्हाला खोटंच सांगेल, पण सांगताना त्याच्या हाताकडे बघा.

साईराज म्हणजे आमच्या लाइनीतला मोठा विद्वान. घरात भिंतीवर सात सर्टिफिकिटं, सगळी फ्रेम करून. लोक देवांचे फोटो लावतात, याने स्वतःचं नाव लावलंय. मी दहावी नापास. टीव्ही दुरुस्त करता करता कॉम्प्युटर उघडले, चटके खाऊन शिकलो. म्हणून मला तो 'दुकानदार' म्हणायचा. वर हसायचा. सर्टिफिकिटवाले हसतात ना, तसं, ओठाच्या एकाच बाजूने.

आता दुकानदार म्हणून मी बावीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो. डिस्क पुसण्याआधी मालकाला विचारायचं, यात तुमचं काय आहे, आणि वहीवर सही घ्यायची. भाईंदरचा एक केटरर होता. त्याने लग्नांच्या जेवणाचे सगळे मेनू, सगळी मापं रिसायकल बिनमध्ये ठेवली होती. मी म्हटलं, शेठ, ही कचरापेटी आहे. तर म्हणे, म्हणूनच ठेवलंय, कचऱ्यात कोण हात घालतो? माणसं कुठे काय ठेवतील याचा नेम नाही बाबांनो. विचारायला काय जातं?

साईराजला मात्र विचारण्यात कमीपणा.

पेणकरपाड्यात सुभाष सरांचा कॉम्प्युटर क्लास आहे, दुसऱ्या मजल्यावर. चोवीस मशीन. रविवारी सकाळी नऊला तिथे भरतीची ऑनलाइन परीक्षा होती, चोवीस मुलं बसणार होती. सगळी मशीन एकसारखी करून द्यायचं काम साईराजने घेतलं. पद्धत तुम्हाला माहीतच आहे. एक मशीन नीट तयार करायचं, त्याची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, सर्व्हरवर ठेवायची, आणि तिथून वायरीवरून सगळ्यांवर एकदम उतरवायची. सर्व्हरला आकडा सांगायचा. चोवीस सांगितले तर चोवीस मशीन हजर होईपर्यंत तो थांबतो, मग सुरू करतो. आणि इमेज उतरली की त्या मशीनवरचं जुनं सगळं गेलं. कायमचं.

चोवीस नंबरच्या मशीनवर गॅब्रियलचं सामान होतं.

"कोण गॅब्रियल?" मिनलने विचारलं.

उत्तनजवळच्या चौक गावचा कोळी. अकरा वर्षं त्या लॅबमध्ये होता. मुलांना बसवायचं, मशीन चालू-बंद करायची, एवढंच त्याचं काम. पण त्याला नाद होता. चौक, पाली, उत्तनच्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन लग्नातली जुनी गाणी रेकॉर्ड करायची. कुणाला एक कडवं आठवायचं, कुणाला दुसरं. राहिलेलं हा स्वतः म्हणून जोडायचा. क्लास सुटल्यावर कोपऱ्यातल्या चोवीस नंबरवर हेडफोन लावून बसायचा. ऑगस्टमध्ये गेला. झोपेतच.

त्या शनिवारी संध्याकाळी त्याची मुलगी आली, स्टेफनी. हातात पेनड्राइव्ह. साईराजला म्हणाली, "दादा, एक तास द्या फक्त. पप्पांचा आवाज दुसरीकडं कुठं न्हाय."

साईराज मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "आत्ता मशीन बिझी आहेत. सोमवारी या."

"सोमवारी ऱ्हाईल ना सगळं?"

"राहील हो. कुठे जातंय?"

कुठे जातंय! रात्री बाराला पुसणार हे त्याला ठाऊक होतं. एक तास वाचवायला एका पोरीला बापाच्या आवाजाबद्दल खोटं सांगितलं. अशा माणसाला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा, मिनल बसलीय म्हणून मी बोलत नाही.

साडेअकराला त्याने आतून कडी लावली. सगळी मशीन नेटवर्कवरून चालू केली. तेवीस हजर झाली. चोवीस नंबर येईना. वायरीवर सर्व्हरला हाक मारायचं, थांबायचं, आणि सरळ आपली जुनी विंडोज उघडायचं. पडद्यावर गॅब्रियलच्या होडीचा फोटो.

साईराजने वायर बदलली. नाही. नेटवर्कच्या स्विचचं पोर्ट बदललं. नाही. चोवीसची वायर काढून तेवीसला लावली, तेवीस मजेत चाललं. तेवीसची चोवीसला लावली, पुन्हा होडी. मशीनने आधी कुठून सुरू व्हायचं ती बूटची ऑर्डर दहादा तपासली. सात सर्टिफिकिटं, आणि एक मशीन ऐकेना.

एक वाजून दहा मिनिटांनी त्याने मला फोन केला. मी झोपेतून उठून विचारलं, "त्या मशीनवर काय आहे?"

"कचरा आहे, काका. मेलेल्या माणसाचा."

"घरच्यांना विचारलंस?"

तो परत बूटच्या ऑर्डरबद्दलच बोलायला लागला.

मी म्हटलं, "ते मशीन बाजूला ठेव. सर्व्हरला तेवीस सांग आणि सुरू कर. चोविसावं मी सकाळी माझं आणून लावतो, पैसे नकोत."

तर मला काय म्हणाला ठाऊक आहे? "काका, दुकानदारी वेगळी आणि इंजिनिअरिंग वेगळं. चोवीस म्हणजे चोवीस." आणि फोन ठेवला.

निकेत हसला. मी म्हटलं हसू नकोस, झोपेत करणारा तूच होतास ना मघाशी?

साईराजने ठरवलं की जुनी डिस्कच खराब आहे. चोवीसचा प्लग काढला. नेटवर्कची वायर काढली. कॅबिनेट उघडलं, स्क्रू सोडवले, डिस्क बाहेर काढली. आणि बाजूच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. वरून टाकली, ठण्ण आवाज आला. हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं. नवी डिस्क बॅगेत होती. ती घ्यायला तो वळला.

आणि समोर सर्व्हरच्या पडद्यावर आकडा बदलला.

तेवीसचे चोवीस झाले.

सगळ्या मशीनवर पट्टी सरकायला लागली. इमेज उतरायला लागली. त्याला आधी बरंच वाटलं. म्हणाला, मोजण्यात गडबड झाली असेल सर्व्हरची. खुर्चीत बसला. यादी बघितली. एक ते तेवीस, उतरतंय... उतरतंय... उतरतंय...

चोवीस. चढतंय.

"म्हणजे?" मिनलने विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

म्हणजे उलटं. सर्व्हरवरून मशीनवर नाही. मशीनवरून सर्व्हरवर. चोवीस नंबर आपलं सामान उचलून सर्व्हरवर ठेवत होतं.

त्याने मागे बघितलं. चोवीस नंबर टेबलावर उघडं पडलेलं. प्लग जमिनीवर. वायर जमिनीवर. डिस्क डब्यात.

पंखा फिरत होता.

छतावरचा नाही. कॅबिनेटच्या आतला. छोटा. हळूहळू...

त्याने सर्व्हरवर रद्द दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

एकतीस टक्के.

उठून सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटली. एक ते तेवीस थांबली. सगळ्या पट्ट्या जागच्या जागी.

चोवीसची नाही.

छप्पन्न.

तो म्हणाला, "कोण आहे?" रिकाम्या खोलीत.

...

सत्तर.

कडी उघडेना. आतून त्यानेच लावलेली.

...

दोन चाळीसला माझा फोन वाजला. मी हॅलो म्हटलं. पलीकडे नुसता श्वास. साईराज, मी म्हटलं. अरे बोल. श्वास. आणि त्याच्या मागे... बारीक. फिरल्यासारखं काहीतरी...

मी स्कूटर काढली. भाईंदर पश्चिमेहून पेणकरपाडा, रात्रीचा वीस मिनिटांत पोचलो. साईराज पहिल्या मजल्याच्या जिन्यावर बसलेला, बूट हातात. शर्ट पाठीला चिकटलेला. काही विचारलं तर नुसता वर बोट दाखवायचा.

मी वर गेलो. दार सताड उघडं. पंखा बंद. मी सर्व्हरची वायर परत लावली, आकडा तेवीस केला, सुरू केलं. पाऊण तासात तेवीस मशीन तयार. यात काय इंजिनिअरिंग होतं, देव जाणे. सकाळी माझं एक मशीन आणून कोपऱ्यात लावलं. नऊला चोवीस मुलं बसली. सुभाष सर साईराजची पाठ थोपटून गेले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही चहा घेतलात का?" असे हे सर.

सर्व्हरवर एक नवी इमेज होती. नाव चोवीस. वेळ दोन एकोणचाळीस.

डब्यातली डिस्क मी दुकानावर नेऊन लावली. चांगली होती. एक ओरखडा नाही. पण आत काही नव्हतं. पुसलेल्या डिस्कवरही काही ना काही सापडतं, मी आयुष्यभर तेच केलंय. इथे एक अक्षर नाही. जणू माणूस खोली झाडून, किल्ली ठेवून निघून गेला.

सोमवारी स्टेफनी आली. ती इमेज उघडून मी तिला नव्या डिस्कवर सगळं काढून दिलं. एकोणीस गाणी. दुकानातच एक लावलं. बायकांचा आवाज, टाळ्या, आणि राहिलेल्या कडव्याला गॅब्रियल. ती स्टुलावर बसून राहिली. गिऱ्हाइकं आली, मी त्यांना नंतर या म्हटलं. जाताना म्हणाली, "काका, एक प्रत तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं काय झालं तर."

म्हणून एक डिस्क मी कपाटात ठेवली. स्टीलचं कपाट, किल्ली माझ्याकडे. कुठलीही वायर नाही.

"आणि साईराज?" निकेतने विचारलं.

विमा विकतो आता. त्याला विचार, म्हणेल सर्व्हरमध्ये बग होता. मशीनच्या कॅबिनेटला हात लावत नाही पण. बायकोने मिक्सर उघडायला सांगितला तरी शेजाऱ्याला बोलावतो.

पुढचा ट्रेलर हातभर सरकला आणि थांबला. मला वाटलं इथेच थांबवावं. पण मिनल म्हणाली, "काका, तुम्ही अजून काहीतरी सांगणार होतात."

गेल्या महिन्यात स्टेफनीच्या मावशीला गाणी हवी होती. मी कपाटातली डिस्क काढली. लावली.

वीस फाइली होत्या.

मी स्टेफनीला फोन केला. तुझ्याकडे किती? "एकोणीस, काका. का?" काही नाही म्हटलं.

विसाव्या फाइलला नाव नव्हतं. लांबी चार मिनिटं अकरा सेकंद. मी लावली नाही. डिस्क काढली, कपाटात ठेवली, कुलूप घातलं.

"मग?"

मग आठवड्याने कुलूप काढून तीच फाइल पुन्हा बघितली. नऊ मिनिटं.

निकेतने गाडीची चावी फिरवली नाही. रस्ता मोकळा झाला होता, मागचे हॉर्न देत होते.

आज सकाळी निघण्याआधी बघितली, मी म्हटलं. सव्वीस मिनिटं, दोन सेकंद.