पेपर मंजूर होईपर्यंत

"उशिरा यायचं आणि वर मोबाइल? कुठल्या वर्षाचे तुम्ही?"

त्रिवेणीने दरडावताच मागच्या बाकावरचा तरुण गडबडून उठला.

"मी… संदेश. अभ्यासक्रम समितीचा बाहेरचा सदस्य. बदल सुचवण्याआधी म्हटलं, शिकणारी पोरं तर बघावीत."

वर्गात हशा पिकला. त्रिवेणीचे कान तापले. परप्रांतातल्या, नारायणगुड्याच्या त्या कॉलेजात तिचा मराठीचा पेपर राहणार की जाणार, हे ज्याच्या मतावर ठरायचं, त्यालाच तिने झापलं होतं!

मग तो शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कुकटपल्लीहून, वरचेवर येऊ लागला. कँटीनमध्ये चहावर वाद रंगायचे.

"पोरं घरी मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. त्यांना पहिल्याच धड्यात जुनं काव्य? आधी बोलीतल्या गोष्टी द्या ना."

"आणि काव्य?"

"तिसऱ्या सत्रात. घाई कशाला?"

"तुम्हाला कशाचीच घाई नसते, सर."

"सर नक्को… संदेश म्हणा."

आपलं बिस्कीट तो हळूच तिच्या बशीत सरकवायचा. आता बोलेल, असं तिला वाटायचं — पण तो पुन्हा सत्रांवर घसरायचा. इकडे बरकतपुऱ्यातल्या घरी आई नाशिकच्या स्थळासाठी मागे लागली होती. त्रिवेणीने आज-उद्या करत दिवाळी काढली. त्याच्या मनात काही नाहीच, अशी स्वतःची समजूत घालून तिने शेवटी होकार दिला. त्या दिवशी ती पोटभर रडली.

पेपर मंजूर झाला, त्या दुपारी संदेश धापा टाकत जिन्यावर आला.

"त्रिवेणी, आता बोलू शकतो! ज्या पेपरवर मत द्यायचं, तो शिकवणाऱ्याशी सदस्याचं नातं नसावं, असा नियम आहे. आधी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, पेपर माझ्यामुळे वाचला. तुझी सगळी मेहनत पाण्यात… माझ्याशी लग्न करशील?"

तिने कठडा घट्ट धरला.

"रविवारी माझा साखरपुडा झाला, संदेश."

"मला… सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? समितीच्या सदस्याला?" तिचा आवाज फुटला. "थोडं थांब, एवढंच म्हणायचं होतंस. मी थांबले असते रे!"

त्याने मंजुरीचा कागद खिशातून काढून तिच्या हातात दिला.

"पेपर छान झालाय," ती डोळे पुसत म्हणाली. "जूनमध्ये जे कोणी शिकवतील, त्यांना नीट समजावून सांग. मी तेव्हा नाशिकला असेन."