अनोळखी अक्षरांचं तिकीट

सोनईत परदेशी टपाल तिकिटांचा नाद असलेला मी एकटाच. वासरात लंगडी गाय शहाणी! जॉर्जिया, इथिओपिया, आर्मेनिया... नुसत्या अक्षरांवरून देश सांगतो. माझी बायको अंबिका गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. तिकिटं निदान समोर बसतात.

दिवाळीनंतर एका दुपारी वस्तीवरची सत्यशीला आली. तिचा नवरा अजिनाथ परदेशात ट्रक चालवायला गेला होता आणि वर्षभर त्याचा पत्ता नव्हता. तिनं एक पाकीट पुढे केलं. आत काहीच नव्हतं.

"सर, कुठला देश हाय तेवढं सांगा. शोधायला बरं."

भिंग धरलं. अक्षरं ओळखीची वाटायची आणि नजर ठरली की परकी व्हायची. सगळे कॅटलॉग चाळले, शेवटी हात टेकले. मधल्या चौकटीत बारीक मिशांचा एक माणूस होता.

"चित्र कुनाचं ते म्या सांगते," ती हळूच म्हणाली. "आमचंच मानूस हाय."

मी भिंग खाली ठेवलं. राजे-राण्या सोडल्या तर जिवंत माणसाला सहसा तिकिटावर जागा मिळत नाही. तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघून हे कसं सांगणार?

"लांबचा देश आहे... शोधतो," म्हणालो आणि तिकीट ठेवून घेतलं.

मग आम्हा संग्राहकांच्या रीतीप्रमाणे ते पाकिटाच्या तुकड्यासकट कोमट पाण्याच्या वाटीत सोडलं. पाकिटाचा कागद सुटला, तिकीट वर्तमानपत्रावर वाळत घातलं. सकाळी बघतो तर अक्षरं होती, चौकट होती. आत माणूस नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. "सर, हे आले घरी!" सत्यशीला हसत होती की रडत होती, कळेना. "पर बोलत न्हाईत... आन् कपडे वल्लेच ऱ्हात्यात, किती बी बदला..."

आठवड्यानं मी तिच्याकडे गेलो. अजिनाथ ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. खालची फरशी चिंब होती. सत्यशीला मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"सर, हे हायेत," ती कुजबुजली, "पर ह्यांच्यात हे न्हाईत. लई भ्या वाटतं..."

घरी आलो तर दारात पाकीट पडलेलं. माझ्या नावाचं, रिकामं. तिकिटावर अंबिका. तोच चष्मा, तीच मान किंचित कलती. नगरच्या पुढे कधी न गेलेली माझी अंबिका!

सत्यशीलाची ओसरी डोळ्यांपुढून हलत नव्हती. सगळं कळत होतं मला. पण संध्याकाळ झाली, घर खायला उठलं, आणि मी पाणी कोमट करून आणलं.

तिकीट पाण्यात सोडलं. कागद कडेनं सुटू लागला, तसा मी भिंग घेऊन वाकलो.

अंबिका मान हलवत होती. नको... नको...

मी तिकीट बाहेर काढलं नाही.