न्यार-कानोच्या शेतातली जांभळी फुलं

"हात लावू नकोस त्याला!" आविनो किंचाळली.

ओबुराचा हात तसाच हवेत राहिला. महिन्यापूर्वी पाहिलं तेव्हा मक्याच्या बुडाशी नुसती माती होती. आज तिथं जांभळ्या फुलांचे तुरे उभे होते. एकदोन नव्हे, पार बांधापर्यंत!

"फुलंच तर आहेत," ओगुतु म्हणाला. तो आविनो-ओबुरा या भावंडांचा मावसभाऊ. मोठ्या सुट्टीसाठी किसुमूहून आला होता आणि शहरातला म्हणून जरा टेचात असायचा.

"कायोंगो आहे ते, शहाण्या!" आविनो कुजबुजली. "ते उगवलं की मका मरतो."

खरंच, मका कसातरीच दिसत होता. माती पावसानं ओली होती, तरी पानं पाण्यावाचून तडफडल्यासारखी गुंडाळली गेली होती. ताटं जेमतेम ओबुराच्या छातीपर्यंत आली होती, आणि ओबुरा होता दहा वर्षांचा.

मागून ओमोलोकाकाचा आवाज आला, तशी तिघंही दचकली.

"व्हा बाहेर! करणी आहे ही! ओढ्यापलीकडच्या त्या बाईनं मूठ मारलीय आपल्या शेतावर!"

पलीकडे न्यार-कानो राहायची. कानोहून लग्न होऊन आलेली, म्हणून तिला सगळे तसंच, 'कानोची लेक' म्हणत. नवरा वारल्यापासून ती एकटीच होती. तिच्या झोपडीभोवतीचा मका मात्र हिरवागार, माणसाहून उंच! गावात प्रत्येकाच्या शेतात जांभळी फुलं होती. तिच्या झोपडीभोवती एकही नव्हतं.

संध्याकाळी मुलं चुलीपाशी मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि वाळवलेली मासळी खात होती. कुडापलीकडे ओमोलोकाका चारपाच माणसांशी हळू आवाजात बोलत होता.

"उद्या चर्च सुटलं की जाऊ. झोपडी पेटवली की जाईल आपोआप माहेरी."

"आणि नाही गेली तर?" कुणीतरी विचारलं.

ओबुराच्या हातातला घास ताटलीत पडला.

"आई, ते खरंच..." आविनोनं तोंड उघडलं.

"चूप!" आईनं दाराकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. "तिचं नाव घेऊ नकोस. ऐकलंन तिनं म्हणजे?"

मुलांचे बाबा सरोवरावर मासेमारीला गेले होते. दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती.

सकाळी मोठी माणसं चर्चला निघाली, तेव्हा आविनोनं दोघांना केळीमागं ओढलं. "आपण तिच्या शेतात जायचं."

"वेड लागलंय का तुला?" ओगुतुचा शहरी टेच कुठल्या कुठं पळाला. "चेटकीण आहे ना ती!"

"असेल तर काहीतरी दिसेल. पुरलेलं मडकं, हाडं, काहीतरी! आणि नसेल तर? दुपारी एका बाईचं घर जळेल, ओगुतु. कदाचित तीही आत असेल."

ओबुरा रडकुंडीला आला. "मी इथंच थांबतो."

"थांब. एकटाच."

एकटं थांबण्यापेक्षा तेच बरं म्हणून तो आला.

मक्यात शिरताच ऊन गेलं. वारा नव्हता, तरी पानं सळसळत होती. कुठूनतरी 'खस्स... खस्स' असा आवाज येत होता. तिघं एकमेकांचे सदरे धरून सरकत होती. आवाज थांबला. मग पानांतून एक मातीनं माखलेला हात आला आणि त्यानं ओबुराचं मनगट पकडलं!

ओबुरानं अशी बोंब ठोकली की झाडावरचे बगळे उडाले.

"काय जाळायला आलात माझं?" न्यार-कानो विचारत होती. तिच्या दुसऱ्या हातात कुदळ होती, आणि ती कुदळ लटपटत होती! आविनोनं ते पाहिलं. ही बाई तर आपल्याहून जास्त घाबरलीय!

"काकू, आम्ही... आम्हाला पाहायचं होतं, तुमच्याकडं कायोंगो का नाही ते."

"नाही?" तिनं ओबुराचा हात सोडला. "या इकडं."

ती त्यांना उताराला खालच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथला मका गुडघ्याएवढा होता, आणि बुडाशी जांभळी फुलंच फुलं!

"सगळे म्हणतात मी मूठ मारली. स्वतःच्याच ताटाला कोण मूठ मारतं गं?" ती बांधावर बसली आणि अंगावरच्या कापडानं तोंड झाकून रडू लागली.

काय करावं ते मुलांना कळेना. ओगुतुनं उगाच कुदळ उचलली आणि मक्याचं एक ताट मुळासकट उकरलं.

"अगं, हे बघ!"

फुलांच्या झाडाचं मूळ मक्याच्या मुळाला चिकटलं होतं. जळू चिकटते तसं, अगदी घट्ट!

"खालून पितंय मक्याला!" ओबुरा शहारला.

"मग वरच्या मक्याला का नाही पीत?" आविनोनं इथली मूठभर माती उचलली. तांबडी, विटेसारखी कडक. ती धावत झोपडीपाशी गेली आणि तिथली घेऊन आली. काळी, भुसभुशीत! "काकू, ही माती अशी कशी?"

"तिथं? तिथं माझे सासरे गुरं बांधायचे. कैक वर्षं."

आविनो बघतच राहिली. "आमचा जुना गोठाही शेतातच होता की! काकानं नवं घर बांधलं तेव्हा हलवला!"

तिघं सुसाट पळाली. त्यांच्या शेताकडेला माणसाएवढं वारूळ होतं. ओगुतुनं आविनोला खांद्यावर घेऊन त्यावर चढवलं. पिवळ्या पडलेल्या, जांभळ्या ठिपक्यांच्या मक्याच्या मधोमध, बांधावरून न दिसणाऱ्या खोलगट जागेत, एक गोल होता. गडद हिरवा! भीतीनं आजवर कुणी तिथवर गेलंच नव्हतं.

तेवढ्यात चर्च सुटल्याची घंटा वाजली.

ओढ्याजवळ माणसं जमली होती. ओमोलोकाकाच्या हातात काडेपेटी होती. सगळ्यात मागं काठी टेकत ओयेकेआजोबा उभे होते, गावातले सर्वांत वडीलधारे. पण तेही कुणाला अडवत नव्हते!

मोठ्यांना सरळ सांगितलं तर हाकलून देतील, हे आविनोला माहीत होतं. तिनं ओबुराच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं आविनोचा सदरा सोडला आणि तो पुढं झाला.

"काका, ओगुतु मला खोटारडा म्हणतो! आपला जुना गोठा शेताच्या मधोमध होता ना?"

"बाजूला हो, पोरा!"

"सांग ना! तो म्हणतो, तुझ्या काकाला आता जागासुद्धा आठवणार नाही!"

कुणीतरी हसलं. काका चिडला. "मला आठवणार नाही? मी बांधलेला गोठा! चल, दाखवतो!"

तो तरातरा शेतात शिरला. गंमत म्हणून माणसंही मागोमाग गेली. मधे पोचून काकानं पाय आपटला. "हा इथं!"

आणि तो थांबला. चहूबाजूंनी त्याच्या डोक्यावर हिरवी पानं होती. पायाशी एकही जांभळं फूल नव्हतं.

"न्यार-कानोनं मूठ मारताना एवढाच गोल वगळला होय?" आविनोनं मोठ्यानं विचारलं. "तिच्याही शेतात कायोंगो आहे! जिथं शेण पडलं नाही तिथं. आणि काका, आपलं सगळं शेण तर तू शहरातल्या रोपवाटिकेला विकतोस!"

ओयेकेआजोबा वाकले. त्यांनी आतली माती चोळली, मग बाहेरची. "काडेपेटी इकडं आण, ओमोलो," ते म्हणाले. काकानं ती निमूट दिली.

मंगळवारी ओयेकेआजोबांनी बोलावलेल्या शेतकी खात्याच्या बाई मोटरसायकलवरून आल्या. त्यांनी उकरलेली मुळं पाहिली.

"याचं बी धुळीहून बारीक. मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं. जमिनीतलं खत संपलं की मका उपाशी पडतो, आणि त्याची मुळं मदतीसाठी मातीत एक रस सोडतात. तो रस लागला की हे बी जागं होतं! पोट भरलेला मका तो रस फारसा सोडत नाही. मग बी झोपलेलंच राहतं." त्यांनी काकाकडं पाहिलं. "आणि येताना पाहिलं, बांधावरचं फुललेलं तण उपटून वाटेवर कोण फेकतं? त्यानं तर ते गावभर पसरलं!"

त्या दिवसापासून शेणाच्या पाट्या काकाच्याच डोक्यावर आल्या. पहिली पाटी न्यार-कानोच्या खालच्या कोपऱ्यात टाकायची, असं ओयेकेआजोबांनी ठरवून दिलं. पाटी उतरवल्यावर काका तिच्याशी काय बोलला ते मुलांना ऐकू आलं नाही. पण तिनं त्याला पाणी दिलं.

त्याच संध्याकाळी आजोबांनी तिघांना जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"शूर आहात रे पोरांनो!"

"मी नाही, आजोबा," ओबुरा खाली मान घालून म्हणाला. "मी तर सारखा घाबरत होतो."

आजोबांनी त्याची हनुवटी वर केली.

"आम्हीही घाबरलोच होतो, बाळा," ते म्हणाले. "पण तुम्ही पाहायला गेलात, आणि आमच्या हातात काडेपेटी होती."