मानेखालचा हात

त्या मंगळवारी मी सुरतेतल्या बमरोलीला गेले ती फक्त एका लेकराचं वजन करायला. पिशवीत लटकता काटा होता, जुन्या सुती लुगड्याची झोळी, एक मऊ उशी आणि वही. चैत्रातली दुपार. रिक्षातून उतरले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

बारा वर्षं मी एका प्रसूतिगृहात आया होते. आता घरोघर जाऊन बाळंतिणींना लेकरू कसं धरायचं, कसं पाजायचं ते दाखवते. लोकांना वाटतं, यात शिकवायचं काय? गाय वासराला शिकवते का? पण गाईच्या मागं सासू उभी नसते. दिवस, वेळ, वजन आणि कोणती बाजू पाजली हे वहीत लिहायची सवय दवाखान्यापासूनची. हे सगळं मी त्या वहीवरूनच सांगते आहे, म्हणून तारखावारात चूक नाही. बाकीचं ऐकून तुम्हीच ठरवा.

ते घर लूमच्या खात्यावर, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यावर होतं. खाली चोवीस लूम, वर ओळीनं खोल्या. लूम चालू असले की वरची फरशी थरथरते, घागरीतलं पाणी कधी स्थिर दिसत नाही. बोलायचं तर थोडं ओरडूनच. त्या खोलीत मी दोन वर्षांपूर्वीही आले होते.

तेव्हा तिथं मयुरी होती. शांताबाईंच्या मुलाची, नितीनची पहिली बायको, वय वीस. शांताबाई माझ्याच परभणीकडच्या. मयुरीचं लेकरू चौथ्या दिवशी थानाला नीट लागलं नव्हतं, एवढंच. दोन दिवस शिकवलं असतं तर लागलं असतं. पण शांताबाई म्हणाल्या, "हिचं दूध पानचट हाय," आणि बाटली आणली. टँकरचं पाणी, एप्रिलचं ऊन. लेकरू नऊ दिवसांत जुलाबानं गेलं. मयुरीचा पान्हा मात्र गेला नाही. छाती दगडासारखी झाली, ताप चढला, लाल गाठ आली. मी दवाखान्यात न्या म्हणाले. शांताबाईंनी मला दारातून परत पाठवलं. मी वहीत लिहिलं, 'ताप १०३, नेलं नाही', आणि जिना उतरले. लेकरू गेल्यापासून अकराव्या दिवशी मयुरी गेली. ते पान मी आजही उघडते, दुःखानं नाही, संतापानं.

आता त्याच खोलीत नितीनची दुसरी बायको होती, मनीषा. नऊ दिवसांची मुलगी. जन्माचं वजन दोन किलो सातशे. मी काटा लावला. दोन किलो तीनशे.

"बघ," शांताबाई म्हणाल्या. "लेकरू तोंडच लावंना. म्या मेडिकलमधून बाटली आणून ठेवली हाय."

बाटलीचा खोका फळीवर होता. न फोडलेला.

"गुरुवारपर्यंत थांबा," मी म्हणाले.

"तवर मेलं म्हंजे?"

"मागच्या वेळी कशानं मेलं होतं, शांताबाई?"

 त्या मनीषाच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि मला दाखवायला लेकराचं डोकं पाठीमागून धरून छातीवर दाबलं. लेकरू किंचाळून मागं ओढलं गेलं. मी त्यांचा हात मनगटाला धरून बाजूला केला. डोक्यावर दाब आला की लेकरू मागंच ओढतं. त्याला वाटतं आपल्याला बुडवतायत.

"पाणी भरायची वेळ झाली ना तुमची?" मी विचारलं.

"लई शिकलीस गं तू," असं म्हणून त्या हंडा घेऊन खाली गेल्या.

मनीषा पुढं वाकून, खांदे आवळून बसली होती. तिला भिंतीला टेकवलं. कमरेमागं घडी घातलेली गोधडी दिली, मांडीवर उशी. लेकराचं पोट आईच्या पोटाला. कान, खांदा, कंबर एका रेषेत. मान आईच्या हातावर, डोकं मागं झुकायला मोकळं. "तू वाकायचं नाही. लेकराला वर आणायचं. नाक थानासमोर धर, ते तोंड मोठं उघडेल, तेव्हा जवळ घे. हनुवटी आधी टेकू दे."

लेकरानं तोंड उघडलं, जवळ आलं आणि ओरडून दूर झालं. दोनदा असंच. तिसऱ्या वेळी मी त्याचा गाल आणि आईची छाती यांच्यामध्ये बोट घातलं. बोटाला काहीतरी गार, टोकदार लागलं.

काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक होता. त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. आमच्याकडं बिजवराशी लग्न लागलं की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. पहिलीला मान मिळतो, ती तिथंच राहते, त्रास देत नाही, असं मानतात. मनीषाच्या गळ्यातला टाक नेमका पाजताना खाली घसरत होता आणि त्याचं टोक लेकराच्या गालात रुतत होतं. गालावर लहानसा लाल ठसा उमटला होता.

मला इतका संताप आला की कानात लूमचा आवाज येईनासा झाला. आख्ख्या घराला हे दिसलं नव्हतं. पोर उपाशी, आणि सगळे दुधाला नावं ठेवतायत.

"काढ हा."

"मावशी, सासूबाई म्हणत्यात, घडीभर बी काढायचा नाही."

"मेलेलीला जपायचं आणि जितं उपाशी ठेवायचं?" मी स्वतःच दोरा तिच्या डोक्यावरून काढला आणि टाक फळीवर, बाटलीच्या खोक्याआड ठेवला.

लेकरू लगेच लागलं. मोठं तोंड, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले. मनीषा रडत होती आणि हसत होती. वहीत लिहिलं: तीन पंचावन्न, डावी बाजू, वीस मिनिटं.

एक गोष्ट तेव्हा लिहिली नाही. मध्येच मनीषानं पाण्याचा तांब्या घ्यायला आपला हात लेकराखालून काढला. लेकराची मान पडली नाही. मी समजले, उशीनं धरली. उशी मानेपासून चार बोटं खाली होती.

गुरुवारी मी परत गेले. त्या दिवशी खात्याची रजा होती. चोवीसही लूम बंद. सुरतेत राहणाऱ्याला ही शांतता सोसत नाही. जिन्यात माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटत होता. घागरीतलं पाणी काचेसारखं स्थिर.

काटा लावला. दोन किलो सहाशे चाळीस.

मी झोळी काढून काटा रिकामा तपासला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. चांगलं पिणारं लेकरू दिवसाला तीस-चाळीस ग्रॅम वाढतं. दोन दिवसांत तीनशे चाळीस… असं लेकरू मी पाहिलेलं नाही.

"बाटली दिली?"

"लेकराची आण," शांताबाई म्हणाल्या. "खोका बी फोडला नाही. मनीच पाजती की."

मनीषा कोपऱ्यात पडून होती. कपाळाला हात लावला तर चटका बसला. पदर बाजूला केला. दोन्ही छात्या ताठ, दगडासारख्या, एकीवर लाल पट्टा.

"मावशी," ती पुटपुटली, "ती माझ्याकडं पीतच नाही. परवा तुमच्यासमोर प्याली तेवढीच. पोट भरलेलं असतंय तिचं. ओठाला दूध असतंय… माझं नाही."

या वेळी मी कुणाला विचारलं नाही. रिक्षा बोलावली, लेकरू शांताबाईंच्या हवाली केलं आणि मनीषाला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "दवा तो ठीक, पण धवडाववुं ज पडशे, पाजावंच लागेल. बच्चुं पिईल तरच गाठ उतरेल, नाहीतर चिरावी लागेल." परत येईपर्यंत चार वाजले. शांताबाई दाराबाहेर जिन्यावर बसल्या होत्या.

"आत कामून नाही बसल्या?"

"उकडतंय," त्या म्हणाल्या. त्यांना घाम आलेला नव्हता.

मनीषानं लेकरू घेतलं. त्यानं तोंड फिरवलं. अर्धा तास आम्ही सगळे प्रकार केले. बाजू बदलली, आडवं निजून पाहिलं, शेकून दोन थेंब ओठावर पिळले. लेकरू तृप्त. मनीषाला छातीला बोट लावलेलंही सोसेना. शेवटी मी लेकराला सतरंजीवर ठेवलं आणि मनीषाच्या कपाळावर ओली घडी ठेवायला वळले.

तेव्हा आवाज आला.

घुट… घुट… मग थोडा थांबा… घुट.

लेकरू गिळताना होतो तो आवाज. आयुष्यभर तो ऐकण्यासाठीच मी कान लावून बसते. तो मला चुकणार नाही. मी हळूच मान वळवली.

लेकरू सतरंजीवर कुशीवर होतं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले. जबडा हलत होता. समोर कोणी नव्हतं. आणि डोकं सतरंजीला टेकलेलं नव्हतं. मान वर उचललेली, कान, खांदा, कंबर एका रेषेत, मी शिकवते तशी. मी गुडघ्यांवर सरकत गेले. मानेखालच्या मोकळ्या जागेत हात घातला. तिथं ऊब होती. उकाड्याची नाही. तापलेल्या अंगाची. आणि वास आला, बाळंतिणीच्या चोळीत वाळलेल्या दुधाचा, आंबट.

भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण भीतीच्या आधी राग आला.

"मयुरी," मी म्हणाले.

घुट… आवाज थांबला. मनीषानं माझा पदर धरला.

"तुझं लेकरू तुला नीट धरू दिलं नाही. मला माहीत आहे. मी इथंच होते. ताप लिहून घेतला आणि निघून गेले. माझ्यावर राग काढायचा तर काढ, मी नाही म्हणणार नाही. जिनं बाटली आणली, दार लावलं, तिच्यावर काढ. पण ही पोरगी तुला ओळखतही नव्हती गं. तू हिचं लेकरू पाजतेस आणि ही तुझ्याच दुखण्यानं मरायला टेकलीय. तुला काय झालं ते तुला आठवत नाही?"

काहीच हललं नाही. घागरीतलं पाणी तेवढं एकदा थरथरलं. लूम तर बंद होते.

"धरायचं तर धर," मी आवाज खाली आणला. "तुझा हात चांगला आहे. मानेखाली धर. पण पिऊ दे तिचं तिला."

मी मनीषाला भिंतीला टेकवून बसवलं. लेकरू उचललं, पोटाला पोट लावलं, आणि माझा हात काढून घेतला. मनीषाचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. लेकराची मान पडली नाही. ती हळूहळू वर आली, थोडी मागं झुकली, हनुवटी टेकली, तोंड उघडलं.

मनीषा कळवळून ओरडली. मग तिनं श्वास सोडला. घुट… घुट… घुट… चाळीस मिनिटं. आधी डावी, मग उजवी. लाल पट्टा डोळ्यांदेखत मऊ झाला.

दारात शांताबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"टाक कुणी काढला?" त्यांचा आवाज फाटला. "घाल गळ्यात! आत्ताच्या आत्ता!"

"नाही घालणार," मनीषा म्हणाली. तापानं तिला मान उचलवत नव्हती, तरी म्हणाली. "राहू द्या तिला. या घरात लेकरू नीट धरणारं कुणीतरी पाहिजे ना, सासूबाई?"

शांताबाईंनी फळीवर खोक्याआडचा टाक शोधून मुठीत घेतला आणि जिना उतरून गेल्या. खिडकीतून मला दिसल्या, खाडीच्या बाजूला, पदर खोचून, जवळजवळ पळत.

सोमवारी परत गेले. मनीषाचा ताप गेला होता. लेकराचं वजन दोन किलो सातशे ऐंशी, दिवसाला पस्तीस ग्रॅम, पुस्तकात लिहावं तसं. मनीषा एकटीच पाजत होती, स्वतःच्या हातांनी. मी तिचा हात बाजूला करून पाहिला. लेकराची मान लगेच खाली आली, साध्या लेकराची यावी तशी. मी ती झेलली.

"ती गेली वाटतं, मावशी," मनीषा म्हणाली. तिला थोडं वाईटच वाटलं होतं.

मी मोरीपाशी हात धुवायला गेले. तिथं शांताबाई पाटावर बसल्या होत्या. अंधाराकडं तोंड करून.

"सुंदरा," त्या हळूच म्हणाल्या, "हा हात बघ की. सरळ होईना."

डावा हात कोपरात दुमडलेला होता, तळवा वर. मी ओढून पाहिला. लाकडासारखा.

"केव्हापासून?"

"टाक खाडीत टाकून आले तवापासून. जड लागायलंय. रोज जास्त जड लागायलंय." त्यांचे ओठ सुकले होते. "आन रडतंय सारखं. तुला ऐकू येत नाही का?"

खाली चोवीस लूम चालू होते. मला तेवढंच ऐकू येत होतं. मी त्यांच्या त्या रिकाम्या हाताकडं पाहिलं. कोपर खाली गेलं होतं. तिथं जे काही होतं त्याचं डोकं लोंबकळत असणार. मला वाटलं, वळावं आणि जिना उतरावं. मयुरीला मिळालं तेवढंच त्यांना द्यावं. पण लोंबकळणारी मान मला बघवत नाही. त्यांच्यासाठी नाही, मयुरीच्या लेकरासाठी मी बोलले.

"कोपर वर घ्या. दुसरा हात पाठीखाली. मान तुमच्या हातावर येऊ द्या."

त्यांनी घेतलं. मांडी हलवत हाताकडं पाहू लागल्या.

"थांबलं," त्या म्हणाल्या. "रडायचं थांबलं गं…"

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बासष्ट वर्षांची बाई, डोळे फाटलेले.

"सुंदरा… तोंड उघडायलंय ते. आता मी काय करू?"