सुलट बाजूची गाठ

"हे काय केलंस तू, ताई?"

धाकटीचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच ताईने हातातली सुई खाली ठेवली. लहानपणापासून ही मुलगी रागावली की घर डोक्यावर घ्यायची. पण फार आत कुठे लागलं की तिचा आवाज असा खाली यायचा, विहिरीत दगड पडल्यासारखा... कडेवर चार महिन्यांची लेक, खांद्यावर तिच्या लंगोटांची पिशवी, एक चप्पल काढलेली आणि एक तशीच पायात, अशा अवस्थेत ती शिवणाच्या टेबलाजवळ खिळून उभी होती.

ती ठरल्या वेळेच्या एक तास आधी आली होती. तो तास मिळाला असता तर ताईने टेबल आवरून ठेवलं असतं.

टेबलावर सात वस्तू ओळीने मांडलेल्या होत्या. एक चष्म्याचं घर, टाचण्या टोचून ठेवायची गोल उशी, गरम भांडं उचलायला जाड फडकं, दोन बटवे, लवंगा भरलेली एक पुरचुंडी आणि कापसाने गच्च भरलेला एक मऊ चेंडू. आणि सातही वस्तूंच्या अंगावर आईचं कापड होतं... तो निळा ठिपक्यांचा झगा, तो जुना पिवळा पडदा, धाकटीच्या शाळेच्या गणवेशाचा बाहीचा तुकडा! शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा होता, आणि त्यात उरलेले चौदा चौकोन.

आई अशीच गोधडी करायची. तळहाताएवढे, बोटाएवढे तुकडे जोडून आधी वीतभर चौकोन शिवायचा. असे वीस झाले की ते एकमेकांना जोडायचे, की एका बाळापुरती ऊब तयार. पण ती शिवायची नेहमी एकवीस. "एक हाताशी असावा," म्हणायची, "काय सांगावं!" उभ्या गल्लीतली कितीतरी बाळं आईच्या गोधडीत झोपली होती. ही शेवटची, जोडायची राहून गेलेली गोधडी धाकटीच्या बाळासाठी होती, आणि तेव्हा तर धाकटीचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. आईनेच फोनवर तिला तसं सांगितलं होतं.

"तीन वर्षं," धाकटी म्हणाली, "तीन वर्षं मी विचारतेय. तू म्हणतेस होईल, होईल. माझं लग्न झालं तेव्हा म्हणालीस, बाळ होईपर्यंत होईल. बाळ झालं, तेव्हा म्हणालीस, हात दुखतोय. आणि इथे बसून आईच्या गोधडीचे बटवे शिवतेस?"

"बस तरी. चप्पल काढ एक राहिलेली."

"चपलेचं राहू दे." तिने चष्म्याच्या घराला टाचलेली चिठ्ठी वाचली. "वरचे मास्तर." मग पुढची. "रात्रपाळीच्या सिस्टर. औषधांच्या दुकानवाले काका." प्रत्येक चिठ्ठीबरोबर तिचा चेहरा अधिकच कोरा होत गेला. "परक्यांना वाटतेस. आईला कापून कापून गावाला वाटतेस तू."

"कापलेलं नाही," ताई पटकन म्हणाली. "एकही चौकोन कापलेला नाही. सगळे अख्खे आहेत."

"मग जोडले का नाहीस?"

ताईने खाली पाहिलं. "जुळत नाहीत गं."

"जुळत नाहीत." धाकटी हसली, आणि त्या हसण्यात ताईला स्वतःच्याच घरात परकं वाटलं. "आईचे चौकोन जुळत नाहीत! जिच्या चौकोनात कधी दोराभर फरक पडला नाही, ज्या बाईने माझ्याकडून एक शिवण सात वेळा उसवून घेतली, तिचे जुळत नाहीत. निदान खोटं तरी नीट बोल, ताई."

काय बोलायचं? शब्द अगदी ओठांशी आले होते... एक वाक्य, फक्त एक वाक्य, आणि ही धाकटी, जिचे केस विंचरून दोन वेण्या घालता घालता ताईचं स्वतःचं तारुण्य कधी सरलं ते तिलाच कळलं नव्हतं, ही पुन्हा तिची झाली असती! पण ते वाक्य बोलायचं नाही असा शब्द तिने दिला होता. आईच्या गळ्याची शपथ घेऊन दिला होता. आणि ज्या गळ्याची शपथ घेतली तो गळाच उरला नाही, म्हणून काय शपथ सुटते?

खाली रस्त्यावर टेम्पोचं दार आपटलं. धाकटीच्या नवऱ्याची दूरच्या शहरात बदली झाली होती. उद्या सकाळी ती तिघं निघणार होती. जिन्यातून त्याचा आवाज आला, "वर येऊ का? की अजून वेळ आहे?"

"तिथेच थांब," धाकटी ओरडली.

"थांबतो बाबा. मागच्या वेळी मध्ये पडलो, तर दोघींनी मिळून मलाच झोडपलं होतं."

एरवी दोघी हसल्या असत्या. आज कुणी हसलं नाही.

धाकटीने लेकीला दिवाणावर निजवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. मग तिने डबा स्वतःकडे ओढला. "हे मी नेते. तिथे कुणीतरी शिंपी असेलच. कडा छाटून सारख्या करेल आणि मशीनवर एका दिवसात जोडून देईल. तुला तीन वर्षांत जमलं नाही ते."

"छाटून" हा शब्द ताईला सुईसारखा टोचला. आईने चौकोनाच्या अगदी कडेपर्यंत टाके घातले होते. कडा छाटायच्या म्हणजे ते टाकेच छाटायचे. म्हणून तर ती तीन वर्षं कात्री हातात घेऊन बसायची आणि तशीच ठेवून द्यायची...

"आणि हे सातही," धाकटी म्हणाली. तिने टेबलावरची कात्री उचलली होती. "हे उसवूनच नेते. एकवीसच्या एकवीस हवेत मला. ताई, आज स्पष्ट सांगते. तू मला आईजवळ बोलावलं नाहीस. चार दिवस ती तापाने फणफणत होती आणि तू मला कळवलं नाहीस. मी शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तेव्हा तुझा फोन आला, आणि तेव्हा ती जाऊन दोन तास झाले होते. ते मी गिळलं. कसं गिळलं ते माझं मला माहीत. पण हेही जर तू माझ्या हातून काढून घेणार असशील, तर उद्या जाते ती जाते. माझी मुलगी या घराचा जिना पुन्हा चढणार नाही."

दिवाणावर बाळ आपल्याच पायाचा अंगठा पकडायच्या उद्योगात होतं. ताईने त्याच्याकडे पाहिलं. आईविना घर कसं असतं ते ती शिकली होती. या दोघींविना कसं असेल?

"उसव," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तुझीच आहे गोधडी. पण एवढं ऐक... उसव, कापू नकोस."

धाकटीने आधी चष्म्याचं घर घेतलं. कात्रीचं टोक शिवणीत घालून ती एकेक टाका सोडवू लागली. रागातही हात तसा बरा चालत होता, आईचीच शिकवण. ताई समोर उभी राहून पाहत होती, आणि प्रत्येक टाका सुटताना तिला वाटत होतं, आपल्याच अंगावरचा कुठला तरी धागा निघतो आहे. खोलीत फक्त कात्रीचा बारीक किचकिच आवाज... बाळ कुरकुरलं. ताईने टेबलावरचा मऊ चेंडू उचलून त्याच्या मुठीत दिला. तो त्याच्यासाठीच केलेला होता. त्याच्यावर चिठ्ठी नव्हती.

कुरकुर थांबली. चेंडू अर्थातच तोंडात गेला. आणि थोड्या वेळाने बाळाने भुवया आक्रसल्या, हिरड्यांनी काहीतरी चावलं, पुन्हा चावलं.

"काय गेलं तिच्या तोंडात?" धाकटी कात्री टाकून धावली. लहानपणी तिने स्वतः कोटाचं बटण गिळलं होतं आणि दोन दिवस सगळ्या घराला धारेवर धरलं होतं. तेव्हापासून घरात तिचं नावच बटण पडलं होतं. तिने लेकीच्या तोंडात बोट घातलं. काही नव्हतं. मग चेंडू चाचपला. कापडाच्या एका कोपऱ्यात, वरच्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढी दोऱ्याची कडक गाठ होती.

"गाठ वर सोडलीस तू?" ती ताईला म्हणाली.

ताई चेंडूकडे न बघता बाळाशेजारची उशी सारखी करू लागली.

धाकटीने चेंडू उजेडाकडे नेला. दोरा जुना होता, ताईचा नव्हे; आईचा तो मेण लावलेला तपकिरी दोरा. आणि गाठही आईची, तीन वेळा फिरवलेली. "पण आई तर..." ती थांबली. आई सुलट बाजूला कधीच गाठ ठेवायची नाही. गाठ म्हणजे घरातलं भांडण, म्हणायची, आतल्या बाजूला राहू द्यावी. लोकांना फक्त टाके दिसावेत. त्यावरून धाकटीने किती बोलणी खाल्ली होती!

तिने उसवलेला चौकोन पाहिला. त्यालाही त्याच कोपऱ्यात गाठ. डब्यातला एक घेतला, दुसरा, तिसरा. प्रत्येकाला एक गाठ, वरच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात. तिने एक चौकोन दुसऱ्यावर ठेवला. एका अंगाला बोटभर बाहेर आला. तिसरा ठेवला, तो आखूड. निळ्या ठिपक्यांच्या तुकड्याशेजारी कुठे त्याचाच रंग पुन्हा आला होता, कुठे कापड उलटं लागलं होतं. आईच्या हातून...

डब्याच्या तळाशी आईचा पुठ्ठ्याचा साचा होता, ज्यावर ठेवून ती कापड कापायची. धाकटीने तो उचलला. त्याच्या एका कडेला कात्रीने एक खाच पाडलेली होती, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. धाकटीचा अंगठा त्या खाचांवरून फिरला. एकदा फिरला. मग तिने डोळे मिटले आणि पुन्हा फिरवला. न पाहताही कुठली कड कोणती ते बोटाला कळत होतं.

डोळे उघडून तिने साचा हलकेच टेबलावर ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "आईला दिसत नव्हतं?"

ताईने दिवाणाची कड घट्ट धरली. "मी काही सांगितलेलं नाही."

"कधीपासून?"

"मी तुला काही सांगितलेलं नाही, बटणा. मी शब्द दिलाय."

"सांगू नकोस. मान हलव. वर्षभर?"

ताईने मान हलवली नाही. पण डोळ्यांना कुठे शपथ घातली होती? ते भरून आले, आणि गालांवरून ओघळले, आणि तीन वर्षं ज्या बांधावर ती एकटी उभी होती तो बांध असा आवाज न करता फुटला...

"दीड वर्ष," धाकटी स्वतःशीच म्हणाली. "मी वसतिगृहात गेले तेव्हापासून. सुट्टीतही अभ्यासासाठी तिकडेच राहिले. म्हणून पत्रं तुझ्या अक्षरात यायची. ती म्हणायची, हात सुईत गुंतलेत. आणि माझी पत्रं तिला..." तिने चष्म्याच्या घरावरची चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. "वरचे मास्तर."

"रोज चार वाजता यायचे," ताई म्हणाली. एवढं सांगायला हरकत नव्हती. हे शपथेत नव्हतं. "तुझं एकेक पत्र तीनतीनदा. जिथे तू विनोद केलेला असायचा तिथे थांबायचे, तिचं हसून होईपर्यंत. सिस्टर पाळी संपल्यावर सुईत दोरा ओवून जायच्या, वीस सुया, दिवसभर पुरतील अशा. काका औषधांच्या बाटल्यांना रबर लावून द्यायचे, सकाळच्या बाटलीला एक, रात्रीच्या बाटलीला दोन. मी दिवसभर कामावर, गं. हे परके नव्हते तेव्हा."

धाकटी खाली बसली, जमिनीवरच, एका पायात चप्पल तशीच. "मला का नाही सांगितलंस?"

"तू परीक्षा टाकून आली असतीस."

"आले असते."

"तिला तेच नको होतं. आणि ती गेल्यावरही सांगायचं नाही म्हणाली. बटणाला कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल, त्यापेक्षा तुझ्यावर रागावू दे, तू सोसशील म्हणाली." एवढं बोलल्यावर ताईच्या लक्षात आलं की सगळं सांगून झालं आहे. "बघ. मोडलाच शब्द शेवटी."

"तू नाही मोडलास," धाकटी म्हणाली. "तिनेच गाठी वर ठेवल्या."

मग ती रडली. लहानपणी रडायची तशी, घर डोक्यावर घेऊन. ताईने तिला ओढून पोटाशी धरलं. बाळाने दोघींकडे पाहिलं आणि आपणही मागे का राहावं, म्हणून भोकाड पसरलं. जिन्यात पावलं वाजली, दारात आली, आतलं दृश्य पाहिलं आणि तशीच मागच्या मागे खाली गेली.

"माझा राग गेला का, ते मला ठाऊक नाही," धाकटी नाक पुसत म्हणाली. "दोन तास, ताई. ते दोन तास मला कोण देणार?"

"कोणी नाही," ताई म्हणाली. "राहू दे राग. पण येत जा. माझ्यावर रागवायला तरी येत जा."

धाकटीने बाळाला पाजायला घेतलं. पिता पिता बाळाची चिमुकली मूठ चेंडूवरच्या त्या गाठीशी खेळत होती. दृष्टी गेलेल्या आजीने न पाहिलेल्या नातीसाठी ठेवलेली खूण ती बरोबर हुडकत होती! धाकटी ते बघत राहिली. बाळ झोपल्यावर तिने उसवलेलं चष्म्याचं घर उचललं. "सुई दे."

"मी शिवते, तू नीघ. खाली तो थांबलाय."

"त्याला सवय आहे. दे."

तिने शिवण पुन्हा घातली. मास्तरांची चिठ्ठी परत टाचली. डब्यातल्या चौदांतले तेरा तिने मोजून बाजूला ठेवले. "या तेरांच्या वस्तू तू शीव. कुणी कुणी आईला हात दिला ते तुलाच माहीत. मी पुढच्या सुट्टीत येईन, तेव्हा दोघी मिळून वाटू. मला एकेकाचं घर बघायचंय."

"आणि हा?" ताईने शेवटचा चौकोन उचलला. एकविसावा. "हा तू ने."

"मला चेंडू आहे." धाकटीने तो तिच्या हातून घेतला, चार घड्या करून कडा शिवायला लागली, टाचण्यांची छोटी उशी, मनगटाला बांधायची, शिवणारीच्या हाताशी असावी अशी. कापूस भरला, तोंड बंद केलं. टाके वेडेवाकडे आले होते. शेवटी दोरा तीनदा फिरवून तिने गाठ मारली... सुलट बाजूला, डाव्या कोपऱ्यात. मग एक चिठ्ठी घेतली आणि तिच्यावर लिहिलं: ताई.

एरवी ताईने ती गाठ लगेच उसवून आत घ्यायला लावली असती. तिने फक्त मनगट पुढे केलं.