आतून की बाहेरून?

आमची पहिली भेट डुकराच्या जठरावरून झाली. हसू नका, खरंच! सरावाच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये एकच डबा उरला होता. मी तो उचलला आणि दुसऱ्या बाजूने एका विस्कटलेल्या केसांच्या सर्जनने पकडला.

"हे माझं आहे," मी म्हणाले.

"तुम्ही एंडोस्कोपीवाल्या ना? तुम्हाला आतलाच भाग लागतो. बाहेरचा मला द्या."

"म्हणजे टाके घालताना तुम्ही माझी नळीच शिवून टाकाल!"

"एवढा आडदांड दिसतो मी?"

दिसत नव्हता... तिथेच घोटाळा झाला.

पुढे हॉस्पिटलात रुग्णांवर चर्चा करायच्या दर बैठकीत आमची जुंपायची. जठराचा कर्करोग सुरुवातीलाच सापडला, की मी म्हणायचे, तोंडावाटे नळी घाला, आतला थर तेवढा सोलून काढा, पोटावर ओरखडाही नको. तो म्हणायचा, बारीक छिद्रं पाडा, दुर्बिणीने जठराचा तेवढा भाग आणि कर्करोग जिथे आधी पसरतो त्या शेजारच्या लसिकाग्रंथी काढून टाका, मागे काही राहायला नको. वाद संपला की चहा. चहा संपला तरी आम्ही उठायचो नाही.

"भांडताना छान दिसतेस," एकदा तो कपात बघत पुटपुटला. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

मग एक दिवस तो माझ्या दारात उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

"आईला जठराचा कर्करोग निघालाय. सुरुवातीचाच आहे. तू कर ना... तोंडावाटे. तिच्या पोटावर एकही छिद्र नको मला."

रोज दुसऱ्यांच्या आयांची समजूत घालणारा हा माणूस! मला भडभडून आलं.

तो किती खोल आहे ते बघायला मी काकूंची नळीतून सोनोग्राफी केली. गुंगीत जाता जाता त्या म्हणाल्या, "तूच का ती भांडखोर? घरी दुसरा विषयच नसतो त्याला." मला हसू फुटलं, पण पडद्यावर पाहिलं आणि ते विरलं. कर्करोग वरच्या थरात थांबला नव्हता, खाली उतरला होता.

"मी नाही करणार," बाहेर येऊन मी त्याला सांगितलं. "खोल गेलाय. ग्रंथींमध्येही असू शकतो. तुझीच पद्धत हवी."

"प्रयत्न तरी कर!"

"तुझं मन राखायला काकूंचा जीव पणाला लावू?"

तो पाठ फिरवून निघून गेला. आता हा कायमचा दुरावला, असं वाटून मी ढसाढसा रडले.

शस्त्रक्रिया त्याच्या विभागप्रमुख मॅडमनी केली, छान झाली. तो मात्र माझ्याकडे फिरकला नाही.

रिपोर्ट आला त्या दुपारी मी नळ्या धूत होते. तो आत आला.

"एका ग्रंथीत सापडलं. तोंडावाटे केलं असतं, तर ते आतच राहिलं असतं." त्याने रिपोर्ट माझ्यापुढे धरला. "पुढे औषधं घ्यावी लागतील, पण मॅडम म्हणतात, बरी होईल. आणि मी... मी तुझ्याशी बोललोसुद्धा नाही."

"माहीत आहे. रोज कॅन्टीनमध्ये तुझ्या मागच्या टेबलावर बसायचे. निदान पाठ तरी दिसायची."

तो हसला, मग बाहीने डोळे पुसले.

"आई विचारतेय, ती भांडखोर घरी कधी येणार?"

"तपासायला?"

"नाही..." तो जवळ आला. "राहायला."

मी ओले हातमोजे काढले आणि त्याचा हात धरला.